फाट्यावर जन्मलेलं बाळ आणि शिवेवरची नोंद

दवाखान्यात बाळंतपण झालं की जन्माच्या नोंदीसाठी घरच्यांना फारसं काही करावं लागत नाही. दवाखान्याच्या प्रमुखानेच निबंधकाला कळवायचं असतं. घरी बाळंतपण झालं तर घरातल्या कर्त्या माणसाने ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचं. खेडोपाडी ग्रामसेवक हेच निबंधक असतात, त्यामुळे तेही ओळखीतलंच काम. पण बाळ ना घरी जन्मलं ना दवाखान्यात, तर काय होतं ते दाखवणारं हे प्रकरण आहे. आमचं काम एका डोंगराळ तालुक्यात माता-बाल आरोग्याचं. माणसांची आणि गावांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. कायदा, नियम आणि कागद मात्र जसेच्या तसे आहेत, कारण हीच वेळ दुसऱ्या कुणावर आली तर त्यांना तेच उपयोगी पडतील.

काय घडलं

२९ जुलैची रात्र. एका वाडीवरच्या पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या. आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. तिथे रक्तदाब वाढलेला निघाला म्हणून डॉक्टरांनी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. रुग्णवाहिकेसाठी फोन गेला रात्री ११ वाजून २० मिनिटांनी. गाडीत रुग्णवाहिकेचे डॉक्टर, चालक (त्यांना सगळे पायलट म्हणतात), बाळंतीण, तिची सासू आणि आशाताई. पाऊस लागून राहिलेला, घाटाचा रस्ता. अर्ध्या वाटेत डोकं दिसायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. एका फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्याच्या जरा पुढे गाडी उभी राहिली आणि १२ वाजून १० मिनिटांनी मुलगी झाली. नाळ बांधून, वार पडेपर्यंत थांबून, मग गाडी रुग्णालयाकडे निघाली. माय-लेकी दोघी सुखरूप. २ ऑगस्टला घरी सोडलं.

डिस्चार्ज कार्डावर ‘बीबीए’ अशी तीन अक्षरं होती. दवाखान्यात पोहोचण्याआधीच जन्मलेल्या बाळासाठी ही अक्षरं लिहितात. घरच्यांना त्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही. पुढच्या सगळ्या खेट्यांचं मूळ त्या तीन अक्षरांत होतं.

सुरुवातीचे दिवस असेच गेले. घरात समजूत अशी, की बारसं झाल्याशिवाय नोंद होत नाही. नावच नाही तर लिहिणार काय? ही समजूत फार ठिकाणी भेटते आणि तिच्यापायी मुदतीतले मोलाचे दिवस जातात. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ या कायद्याच्या कलम १४ मध्ये बिननावाच्या नोंदीची सोय आहे. नावाचा रकाना कोरा ठेवून जन्माची नोंद होते, आणि नोंदीच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क लिहून मिळतं. त्यानंतरही विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. म्हणजे बारशाची वाट बघायचं काहीच कारण नव्हतं.

बारसं उरकल्यावर १२ ऑगस्टला बाळाचे आजोबा आणि वडील कागद घेऊन आपल्या ग्रामपंचायतीत गेले.

प्रत्येकाचं म्हणणं

गावच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, डिस्चार्ज कार्ड बघितलं आणि सांगितलं, की बाळंतपण गावात झालेलं नाही, नोंद इथे होणार नाही, तालुक्याला जा. तालुक्यात रुग्णालयाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, की प्रसूती आमच्याकडे झालेली नाही, आई आणि बाळ नंतर दाखल झाले, जन्माचा रिपोर्ट आम्ही देऊ शकत नाही. तिथून नगरपंचायतीत. तिथल्या बाईंनी विचारलं, ‘शहराच्या हद्दीत झालं का?’ वडील म्हणाले, ‘नाही, वाटेत झालं.’ ‘मग आमच्याकडे कसं येईल?’ येताना प्राथमिक आरोग्य केंद्रात डोकावले तर सिस्टर म्हणाल्या, इथून ती गरोदर म्हणून गेली, आमच्या रजिस्टरला तेवढंच आहे.

हे ऐकल्यावर कुणालाही वाटेल की सगळ्यांनी टोलवाटोलवी केली. मी कागद पुन्हापुन्हा वाचले तेव्हा मला दिसलं, की यातला प्रत्येकजण आपापल्या हद्दीपुरता बरोबर बोलत होता. जन्माची नोंद घराच्या पत्त्यावर होत नाही, बाळ ज्या हद्दीत जन्मलं तिथे होते. निबंधकाला आपल्या क्षेत्राबाहेरचा जन्म नोंदवताच येत नाही. चूक होती ती एवढीच, की चौघांपैकी कुणीही ‘मग कुठे होईल’ हे सांगितलं नाही. अडाणी म्हातारा आणि रोजावर जाणारा बाप यांनी ते शोधून काढावं अशी अपेक्षा धरणं मला मान्य नाही. नोंदणीचं रजिस्टर सरकारचं आहे, ते नीट भरलं जावं ही गरजही सरकारची आहे, आणि माहिती देण्याची जबाबदारी कायद्याने बाळंतिणीवर टाकलेलीच नाही.

दोन दिवसांनी गावच्या भाऊसाहेबांनी स्वतःहून निरोप धाडला: ‘घरीच झालं असं लिहून देता का? आजच्या आज दाखला देतो.’

मोहाची वाट

हा निरोप वाईट बुद्धीने आलेला नव्हता. म्हाताऱ्याची दगदग बघून आलेला होता. आणि घरच्यांना तो पटलाही होता. रोज बुडवून पुन्हा तालुक्याला जाण्यापेक्षा एका सहीत काम होतंय. बाळाची आजी मात्र आशाताईंना म्हणाली, ‘पोरगी गाडीत झाली, मी हातात घेतली. घरी झाली असं कसं लिहायचं?’ आशाताईंनी मग आम्हाला फोन केला.

आम्ही या वाटेला ठाम नकार दिला, त्याची कारणं सांगतो. खोटी माहिती देऊन नोंद करून घेणं हा कलम २३ खाली दंडाचा गुन्हा आहे, हे एक. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण पुढच्या काळाचं आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अधिनियमातली दुरुस्ती लागू झाली. त्या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार अशा कामांसाठी जन्मदाखलाच धरला जातो. आमच्या पिढीत शाळा सोडल्याचा दाखला दाखवून निभावत असे. या मुलीचं तसं निभावणार नाही. तिच्या हातात आयुष्यभर हाच कागद असणार, आणि त्यावर जन्मस्थळ म्हणून वाडीचं नाव असेल तर रुग्णवाहिकेची नोंद, डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड हे तिन्ही कागद त्याच्या विरोधात बोलणार. कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त होते, मूळ नोंद न खोडता समासात शेरा लिहून. पण जाणूनबुजून लिहिलेलं खोटं पुढे दुरुस्त करायला जाताना ते तसं का लिहिलं होतं याचं उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर कोण देणार? मुलगी?

भाऊसाहेबांशीही बोलणं झालं. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, ‘मग कुठे करायची ते तुम्ही शोधा, मी लागेल तो कागद देतो.’ आणि त्यांनी शब्द पाळला.

गाडी चालू होती की उभी?

वाहनात जन्मलेल्या बाळाचा विचार नियमांत आधीच केलेला आहे. महाराष्ट्र जन्म व मृत्यू नोंदणी नियम, २००० मधला नियम ६ सांगतो, की चालत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाला तर वाहनाचा ताबा असलेल्या माणसाने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी माहिती द्यावी किंवा देण्याची व्यवस्था करावी. ‘वाहन’ या शब्दात काय काय येतं तेही नियमातच दिलंय: जमिनीवरचं, पाण्यातलं, हवेतलं कुठलंही. विमान, होडी, जहाज, रेल्वेचा डबा, मोटार, मोटारसायकल यांच्याबरोबर बैलगाडी, टांगा आणि रिक्षाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांना आपल्याकडे बायका कशाकशातून दवाखान्यात नेल्या जातात याची चांगली जाण होती असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता प्रश्न पहिल्या थांब्याचा. नगरपंचायतीतला एक लिपिक फोनवर म्हणाला होता, की चालत्या गाडीचा नियम असेल तर पहिला थांबा म्हणजे रुग्णालय, मग कदाचित आमच्याकडेच येईल, रुग्णालयाकडून लिहून आणा. घरच्यांना यात आशा वाटली. पण हे सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून होतं: बाळ जन्मलं तेव्हा गाडी चालत होती की उभी होती? आणि गंमत म्हणजे तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी ‘वाटेत झालं’ एवढंच.

१६ ऑगस्टला पायलटला गाठलं. त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं. निवाऱ्याच्या पुढे डाव्या हाताला गाडी लावली, इंडिकेटर चालू ठेवला, आणि साधारण दहा मिनिटांनी बाळाचं रडणं ऐकू आलं. आशाताईंची आठवणही तीच.

तेव्हा हिशेब सरळ झाला. गाडी उभी असताना जन्म झाला म्हणून जन्माचं ठिकाण म्हणजे तो फाटा. कुणी काटेकोरपणे म्हणालं, की प्रवास संपलेला नव्हता, वाहन चालतंच समजा, तरी पहिला थांबा म्हणजेही तो फाटाच. कायदा कसाही लावला तरी नोंद फाट्याच्या ग्रामपंचायतीतच होणार. रुग्णालय हा दुसरा थांबा. गाडी मध्ये कुठेही न थांबता रुग्णालयातच गेली असती आणि जन्म वाटेत चालत्या गाडीत झाला असता, तर नगरपंचायतीचं दार बरोबर ठरलं असतं. हे असं दोन्ही बाजूंनी तपासून बघितल्यामुळे पुढे कुठल्याच टेबलावर आम्हाला वाद घालावा लागला नाही.

एक गाठ अजून होती. त्या फाट्यावर रस्ता हीच दोन गावांची शीव आहे. रस्त्याच्या एका अंगाला एक ग्रामपंचायत, दुसऱ्या अंगाला दुसरी. म्हणजे गाडी रस्त्याच्या कुठल्या कडेला उभी होती यावर हद्द ठरणार. पायलटना बरोबर घेऊन फाट्यावर गेलो. त्यांनी निवाऱ्यापासून पुढे चालत जाऊन मोरीच्या दगडापाशी पाय ठेवून दाखवला: इथे पुढचं चाक होतं. डावी बाजू, निवाऱ्याचीच. तलाठी कार्यालयात गावनकाशा बघून ती बाजू कुठल्या गावात पडते याची खात्री करून घेतली.

रुग्णवाहिकेचा कागद

रुग्णवाहिकेत प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवतात. कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, रक्तदाब किती, काय उपचार दिले, रुग्णालयात कधी पोहोचवलं. या नोंदीत जन्माची वेळ होती, बाळाचं लिंग होतं, डॉक्टरांची सही होती. जागेच्या जागी फक्त ‘वाटेत’ असं लिहिलेलं. आणि कागदाच्या डोक्यावर तारीख होती २९ जुलै, कारण कॉल त्या तारखेचा.

तारखेचा हा घोळ घरातही होता. आजोबांचं म्हणणं, की दिवस उजाडायच्या आत झाली म्हणजे आदल्या दिवसाचीच. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्या हिशेबाने ते बरोबर होते, आणि पत्रिका त्या हिशेबाने मांडायची असेल तर जरूर मांडावी. पण जन्माच्या रजिस्टरला तारीख मध्यरात्री १२ ला बदलते. १२ वाजून १० मिनिटं म्हणजे ३० जुलै. इथे दहा मिनिटांच्या फरकाने चुकीची तारीख लागली असती आणि मुलगी जन्मभर एक तारीख बोलत आणि दुसरी लिहीत बसली असती. आजोबांशी हे शांतपणे बोलावं लागलं. ते पटल्यावर त्यांनीच मुलाला बजावलं, ‘तीसच लिही.’

रुग्णवाहिकेचे डॉक्टर भले माणूस. त्यांना नियम ६ माहीत नव्हता, पण वाचून दाखवल्यावर त्यांनी टाळलं नाही. कलम १० प्रमाणे बाळंतपणाला हजर असलेल्या सुईणीने किंवा वैद्यकीय सेवकानेही जन्म निबंधकाला कळवायचा असतो, त्यामुळे दोन्ही अंगांनी त्यांचीच सही सगळ्यात वजनदार. त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून दिलं: गाडीचा क्रमांक, कॉलची वेळ, ३० जुलै रोजी रात्री १२ वाजून १० मिनिटांनी अमुक फाट्यावर एसटी निवाऱ्याच्या पुढे थांबलेल्या वाहनात स्त्री जातीच्या जिवंत बालकाचा जन्म, वजन, आईचं नाव, आपलं नाव आणि नोंदणी क्रमांक. खाली पायलटची सही. नमुना क्रमांक १, म्हणजे जन्माच्या माहितीचा फॉर्म, तोही माहिती देणारे म्हणून त्यांनीच भरला.

या फॉर्मबद्दल दोन शब्द, कारण लोक तो घाईत भरतात. त्याचे दोन भाग असतात. एक कायदेशीर, जो निबंधकाच्या रजिस्टरला राहतो आणि ज्यावरून दाखला निघतो. दुसरा सांख्यिकी, ज्यात आईचं वय, शिक्षण, लग्नाच्या वेळचं वय, आधीची मुलं, बाळंतपण कुणी केलं, बाळाचं वजन, गरोदरपणाचे आठवडे असं विचारलेलं असतं. तो आकडेवारीसाठी वर जातो, दाखल्यावर येत नाही. घरच्यांना भीती असते, की हे सगळं दाखल्यावर छापून येईल, म्हणून वय वाढवून सांगतात. तसं काही होत नाही हे आधी सांगितलं की खरी माहिती मिळते.

आईच्या नावावर आम्ही जास्त वेळ घालवला. माता-बाल संरक्षण कार्डावर तिचं लाडाचं नाव आणि सासरचं आडनाव. आधारवर लग्नाआधीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. रुग्णालयाच्या कार्डावर कुणीतरी ऐकून लिहिलेलं तिसरंच. दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंगही येतं, आणि पुढे बाळाचं आधार काढताना आईवडिलांच्या कागदांशी ते जुळवून बघतात. आम्ही दोघांचीही नावं आधारवर आहेत तशीच, अक्षरासाठी अक्षर, कागदावर लिहून दिली. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि इतर शासकीय कागदांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचं नाव चुकलं तर ती चूक आता मुलीच्या स्वतःच्या नावात जाऊन बसते.

मुदत कशाची असते

माहिती देण्याची मुदत २१ दिवसांची. म्हणजे २० ऑगस्टला ती संपत होती. मध्ये १५ ऑगस्ट, ग्रामसभा, आणि फाट्याच्या ग्रामपंचायतीच्या ग्रामसेवकांकडे आणखी एका गावाचा कारभार, त्यामुळे ते ठरलेल्या दिवशीच भेटणार. घरच्यांची धडधड वाढलेली. २१ दिवस उलटले तरी आभाळ कोसळत नाही हे त्यांना सांगितलं. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून तिथेच नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर नोटरीच्या प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंसाक्षांकित कागद चालतो. एक वर्ष उलटलं की मात्र जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात जावं लागे. वर्ष उलटलेली प्रकरणं मी पाहिलेली आहेत. त्यांतली माणसं दमून जातात. म्हणून आमचा आग्रह मुदतीचा.

आणि मुदत माहिती देण्याची आहे. नोंद पूर्ण होऊन दाखला हातात पडण्याची नव्हे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कायद्यात तर माहिती तोंडी दिली तरी चालते. लिहिता न येणाऱ्याने रजिस्टरला अंगठा उठवायचा. आम्ही १९ ऑगस्टला डॉक्टरांचं पत्र, भरलेला नमुना १, रुग्णवाहिकेच्या नोंदीची प्रत, डिस्चार्ज कार्ड आणि आईवडिलांची आधार कार्डं असा संच फाट्याच्या ग्रामपंचायतीत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतला. ती पोच हातात आल्यावर मुदतीची काळजी मिटली.

तिथले ग्रामसेवक सुरुवातीला बिचकले. ‘बाई आमच्या गावची नाही, माणसं आमच्या गावची नाहीत, उद्या कुणी विचारलं तर?’ त्यांची भीती खरी होती; परगावच्या लोकांच्या बोगस नोंदी केल्याचा आळ कुणाला हवा? त्यांना दाखवलं, की आईवडिलांचा पत्ता फॉर्मात वेगळा आहे. बाळाच्या जन्माच्या वेळचा पत्ताही आहे, कायमचाही आहे. जन्मस्थळ म्हणून फाटा आणि पत्ता म्हणून वाडी, दोन्ही खरं आणि दोन्ही जागच्या जागी. त्यांनी पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना विचारून घेतलं. त्या अधिकाऱ्यांनी एकच रास्त गोष्ट मागितली: हाच जन्म दुसरीकडे कुठे नोंदवला गेलेला नाही ना, याची खात्री. इथे वाडीच्या भाऊसाहेबांनी दिलेला शब्द कामाला आला. त्यांनी आणि नगरपंचायतीने नमुना १० मध्ये, आमच्याकडे अशी नोंद आढळून येत नाही, असं लिहून दिलं. ‘घरी झालं’ ही नोंद तेव्हा झालेली असती, तर याच पायरीवर सगळं अडकलं असतं.

फाट्याच्या ग्रामसेवकांनी नकारच दिला असता तर आम्ही तो लेखी मागणार होतो. २०२३ च्या दुरुस्तीने निबंधकाच्या कृतीविरुद्ध किंवा आदेशाविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करायची सोय झाली आहे आणि त्याचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. तोंडी ‘होणार नाही’ वर अपील करणं अवघड. कागदावर आलं तर रस्ता उघडतो. ती वेळ आली नाही, हे ग्रामसेवकांचं श्रेय.

नोंद झाली, आणि पुढे

२६ ऑगस्टला नोंद झाली. दाखल्याची पहिली प्रत विनाशुल्क मिळते, ती वडिलांनी स्वतः जाऊन घेतली. जन्मतारीख ३०, जन्मस्थळ फाटा, आईचं नाव आधारप्रमाणे. बारशात ठेवलेलं नाव मात्र त्यावर नव्हतं. पत्र लिहिताना डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं आणि घाईत आम्ही फॉर्ममध्ये रकाना कोरा सोडला होता. बारा महिन्यांच्या आत साध्या अर्जावर ते लिहून मिळणार होतं, म्हणून त्यासाठी नोंद थांबवली नाही. आजोबा आणि आत्या यांच्यात स्पेलिंगवरून थोडी बोलाचाली झाली, ती मिटल्यावर आईवडिलांच्या सहीने अर्ज गेला आणि नावासह नवा दाखला आला.

पहिली दोन कामं त्या दाखल्यावर लगेच झाली. बाळाचं आधार निघालं. आणि प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांपैकी २,००० रुपयांचा दुसरा हप्ता अडला होता, त्याला जन्माची नोंद आणि पहिल्या फेरीचं लसीकरण दोन्ही लागतात. लसी वेळेवर झाल्या होत्या. आईने त्या पैशातून काय घेतलं हे मी विचारलं नाही. तो तिचा हक्क.

या प्रकरणानंतर आम्ही तालुक्यातल्या आशाताईंच्या मासिक बैठकीत एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. बाळंतपण वाटेत झालं तर रुग्णालयात गाडीतून उतरण्याआधीच डॉक्टरांकडून एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: जन्माची वेळ आणि तारीख (मध्यरात्र उलटली असेल तर पुढची), गाडी चालू होती की उभी, उभी असेल तर गावाचं नाव आणि रस्त्याची बाजू, गाडीचा क्रमांक आणि सही. पायलटची गाठ दुसऱ्या दिवशी पडेलच असं नाही, त्यांच्या पाळ्या बदलतात, बदल्या होतात. त्या रात्रीच्या डॉक्टरांनी आपल्या नोंदवहीत ‘वाटेत’ लिहिणं सोडलं असून आता ते गावाचं नाव लिहितात. तालुक्याच्या रुग्णालयालाही आम्ही पत्र दिलंय, की ‘बीबीए’ लिहिलेल्या प्रत्येक कार्डावर नोंद कुठे करायची हे मराठीत एका ओळीत लिहावं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार आहोत.